साक्षीदार कोण? आठवी आज्ञा आणि डॉक्टरांवरील आरोप



"पैशासाठी डॉक्टरने बाळंतिणीचा जीव घेतला. या डॉक्टरचा चेहरा पाहून ठेवा. जास्तीत जास्त लोकांना पाठवा." अशा मजकुराचा संदेश, सोबत एखादा फोटो आणि दवाखान्याचे नाव, आपल्यापैकी बहुतेकांच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेला असेल. तो कोणी लिहिला, कधी लिहिला, घटना कोणत्या गावची, याचा पत्ता नसतो. तरी वाचताना आपला जीव कळवळतो, संताप येतो. निदान दुसऱ्यांनी तरी सावध व्हावे, अशा चांगल्या हेतूने आपण तो पुढे पाठवून देतो आणि कामाला लागतो. या एका बोटाच्या कृतीकडे आठव्या आज्ञेच्या प्रकाशात पाहावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे.

इगतपुरीसारख्या ठिकाणी हा प्रश्न अजिबात लहान नाही. पावसाळ्यात रात्री कोणाच्या छातीत दुखू लागले तर दार ठोठवायला दोन-चारच दवाखाने असतात. आजार हाताबाहेर गेला की नाशिक गाठायचे, नाही तर कसारा घाट उतरून मुंबई. अशा गावात एका चांगल्या डॉक्टरचे नाव विनाकारण खराब झाले आणि तो निघून गेला, तर त्याचे नुकसान होईलच, पण त्याहून अधिक आपले होईल. उलट एखाद्याचे वर्तन खरोखर वाईट असेल आणि आपण फक्त कुजबुजत राहिलो, तर उद्याचा रुग्ण पुन्हा त्याच्याच हाती जाईल. म्हणून या पाठात दोन्ही बाजू नीट पाहायच्या आहेत.

१. आज्ञेतला शब्द

आठव्या आज्ञेचा अर्थ आपण सहसा 'खोटे बोलू नये' एवढाच लावतो. पण आज्ञेत जो शब्द आहे तो 'साक्ष' हा आहे, आणि साक्ष हा न्यायसभेतला शब्द आहे. प्राचीन इस्राएलात आजच्यासारखी तपासयंत्रणा नव्हती. एखाद्याचा जीव राहील की जाईल, हे साक्षीदाराच्या तोंडावर ठरत असे. म्हणूनच अनुवादाच्या ग्रंथाने त्याला कडक नियम घालून दिले. एका माणसाच्या साक्षीवर कोणाला दोषी ठरवायचे नाही, दोन किंवा तीन साक्षीदार हवेत. साक्ष खोटी निघाली तर जी शिक्षा आरोपीला झाली असती ती साक्षीदाराने भोगायची. आणि देहदंड ठरला तर पहिला दगड साक्षीदारानेच उचलायचा.

या शेवटच्या नियमावर थोडे थांबून विचार करा. गर्दीत दगड मारणे सोपे असते, कारण आपला दगड कोणता हे कोणालाच कळत नाही. नियम सांगतो की ज्याच्या बोलण्यामुळे हे घडत आहे त्याने पुढे यावे, त्याचा हात सर्वांना दिसावा. आज आपल्या हातातल्या फोनने नेमके उलटे केले आहे. दगड हजारोंच्या हातात आहेत आणि साक्षीदार मात्र कोणीच नाही. विचारले तर प्रत्येक जण म्हणतो, "मी लिहिले नाही, मला आले ते मी पाठवले."

ही सबब न्यायालयातही टिकत नाही. तमिळनाडूतील एका अभिनेते-माजी आमदाराने २०१८ साली महिला पत्रकारांविषयीचा एक अश्लाघ्य मजकूर पुढे पाठवला. आपण तो न वाचताच पाठवला, असे त्यांचे म्हणणे होते. मद्रास उच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये ते मान्य केले नाही. संदेश पुढे पाठवणाऱ्यानेही त्याच्या परिणामांची जबाबदारी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही त्यांना दिलासा नाकारला. देशाचा कायदा आज जे सांगतो ते आठव्या आज्ञेत कधीपासून आहे: पुढे पाठवणारा माणूस साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहतो, मग त्याला ते कळो वा न कळो.

२. सुसान्ना आणि दोन झाडे

दानीएलच्या ग्रंथाच्या तेराव्या अध्यायातील सुसान्नाची कथा आपण उपवासकाळात ऐकतो. दोन वडीलधारे न्यायाधीश तिच्यावर व्यभिचाराचा आरोप करतात. आरोप करणारे प्रतिष्ठित, वयाने मोठे, आणि एक नव्हे तर दोन. लोकसभा लगेच विश्वास ठेवते व तिला मरणदंड ठरवते. त्या लोकांचा हेतू वाईट नव्हता. पाप झाले आहे असे त्यांना मनापासून वाटले आणि त्याचा त्यांना रागही आला. पण एक साधा प्रश्न विचारावा असे कोणाला सुचले नाही.

तो प्रश्न तरुण दानीएल विचारतो. तो दोघांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला विचारतो की हे कोणत्या झाडाखाली घडले. एक जण एका झाडाचे नाव सांगतो, दुसरा दुसऱ्या. तेवढ्याने खोटेपणा उघडा पडतो.

यातून दोन गोष्टी शिकाव्यात. एक म्हणजे, आरोप करणारे बरेच आहेत म्हणून आरोप खरा ठरत नाही. एकच संदेश आपल्याला पाच गटांतून आला तर आपल्याला वाटते की पाच जण सांगत आहेत. प्रत्यक्षात तो एकाच तोंडाचा आवाज पाच भिंतींवर आदळून आलेला असतो. दुसरी गोष्ट म्हणजे, सत्य तपशिलात सापडते. कोणते गाव, कोणती तारीख, कोणी पाहिले, कागद कुठे आहे? 'कोणते झाड' हा प्रश्न ज्या संदेशाला विचारता येत नाही, तो साक्ष म्हणून कोणाच्या दारी नेण्याच्या लायकीचा नसतो. प्रभू येशूच्या विरोधात मुख्य याजक व परुशी उठले तेव्हा निकदेमानेही त्यांना एवढेच विचारले होते, की माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय आपले नियमशास्त्र त्याला दोषी ठरवते काय?

३. तीन वेगवेगळी पापे

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेल्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात, म्हणजे कॅटेकिझममध्ये, कलम २४७७ येथे दुसऱ्याच्या नावलौकिकाविरुद्धची तीन पापे वेगवेगळी सांगितली आहेत. आपण त्यांची सरमिसळ करतो, म्हणून ती नीट समजून घेऊ.

पहिले, उतावीळ निवाडा: पुरेसा आधार नसताना दुसऱ्याचा दोष मनातल्या मनात का होईना, खरा धरून चालणे. दुसरे, परनिंदा: दोष खरा असला तरी योग्य कारण नसताना, ज्यांना तो माहीत नव्हता त्यांच्यापुढे तो उघडा करणे. तिसरे, बदनामी: असत्य सांगून दुसऱ्याच्या नावाला काळिमा लावणे आणि इतरांना त्याच्याविषयी चुकीचे मत करायला लावणे.

आपण फक्त तिसऱ्याला पाप समजतो. "खरे तेच सांगितले ना?" असे म्हटले की आपली सुटका झाली असे वाटते. ख्रिस्तसभा म्हणते की खरे असणे पुरेसे नाही. ते कोणाला, कशासाठी सांगितले, हेही पाहावे लागते. आणि मुखातून एक शब्द बाहेर पडण्यापूर्वी, नुसत्या मनातही पाप घडू शकते.

४. पुण्याचे प्रकरण

२०२५ साली पुण्यात जे घडले ते आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत वाचले आहे. मार्चच्या अखेरीस जुळ्या बाळांची गरोदर असलेल्या एका महिलेला दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात नेण्यात आले. दहा लाख रुपये अनामत मागितली गेली आणि त्यामुळे उपचाराला उशीर झाला, असा कुटुंबाचा आरोप होता. तिला दुसरीकडे न्यावे लागले. जुळ्या मुली जन्मल्या, पण ३१ मार्च रोजी त्यांची आई दगावली.

बातमी पसरली आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आंदोलने सुरू झाली. रुग्णालयाच्या फलकाला काळे फासले गेले. ज्या डॉक्टरांवर आरोप होता त्यांच्या आईवडिलांच्या रुग्णालयात एका राजकीय पक्षाच्या महिला कार्यकर्त्यांनी घुसून तोडफोड केली. दुसऱ्या बाजूला, रुग्णालयाच्या अंतर्गत चौकशी अहवालातून त्या मृत महिलेच्या जुन्या आजारपणाचा अत्यंत खासगी तपशील जगापुढे आला. त्यावर राज्य महिला आयोगाच्या अध्यक्षांनी तीव्र आक्षेप घेतला.

याच काळात दुसऱ्या मार्गानेही काम चालू होते. शासनाने चौकशी समिती नेमली. तातडीच्या रुग्णांकडून यापुढे अनामत रक्कम घेणार नाही, असे रुग्णालयाने जाहीर केले. संबंधित डॉक्टरांनी राजीनामा दिला. ससून रुग्णालयाच्या समितीचे मत घेतल्यानंतर एप्रिलमध्येच पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दोष कोणाचा आणि किती, हे ठरवण्याचे काम न्यायालयाचे आहे, माझे किंवा आपले नाही.

आता या एका प्रकरणात आपण वर पाहिलेल्या तीन गोष्टी ताडून पाहा. एक आई गेली, दोन बाळे पोरकी झाली, त्या कुटुंबाने आवाज उठवला; यात पाप कसले? तो त्यांचा हक्क होता, आणि त्या आवाजामुळेच अनामतीचा प्रश्न ऐरणीवर आला. पण ज्या आईवडिलांच्या दवाखान्याची मोडतोड झाली, त्यांचा या घटनेशी काय संबंध होता? तेथे निवाडा इतका उतावीळ होता की तो माणूस सोडून आडनावावर जाऊन पडला. आणि मृत महिलेचे आजारपण चव्हाट्यावर येणे, हे दुसऱ्या प्रकारचे उदाहरण आहे. त्यातील प्रत्येक शब्द खरा असला तरी तो जगाला सांगण्याचा नव्हता. वैद्य, वकील अशांना व्यवसायामुळे कळलेली गुपिते राखलीच पाहिजेत, असे कॅटेकिझम कलम २४९१ मध्ये सांगतो. नावलौकिक डॉक्टरला असतो तसाच रुग्णालाही असतो, जिवंत माणसाला असतो तसाच मृतालाही.

या प्रकरणात जे काही बदलले ते चौकशीने, अहवालाने, कुटुंबाने नावानिशी उभे राहून केलेल्या तक्रारीने बदलले. फोडलेल्या काचांनी कोणत्याही गरोदर बाईला न्याय मिळाला नाही.

५. 'ध' चा 'मा'

आपल्या भाषेत 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादांनी पत्रात 'धरावे' असे लिहिले होते, आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून 'मारावे' केले, असे सांगतात. नाशिकचे आनंदवल्ली याच आनंदीबाईंच्या नावाने ओळखले जाते. एका अक्षराने माणूस मरतो, हे सांगायला आपण ही गोष्ट वापरतो. पण गंमत अशी की आनंदीबाईंनी ते अक्षर बदलले याला लेखी पुरावा नाही. रामशास्त्री प्रभुणे यांनी रीतसर चौकशी करून राघोबादादांना दोषी ठरवले, हे आपल्याला कौतुकाने सांगितले जाते. पण आनंदीबाईंवरचा आरोप अडीचशे वर्षे झाली तरी केवळ ऐकीव आहे, आणि आपण तो शाळेतल्या मुलांना म्हणीसारखा शिकवतो. अफवेचे आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा किती मोठे असते, हे यातून कळावे.

अलीकडचे आणि आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले उदाहरण घ्या. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या दिवसांत पालघर जिल्ह्यात चोर, मुले पळवणारे, मूत्रपिंड काढून नेणारे लोक रात्री फिरत आहेत अशा अफवा पसरल्या होत्या. कासा परिसरातील सारणी गावी आदिवासींना मदत देऊन परतणाऱ्या एका डॉक्टरांच्या गाडीवर १४ एप्रिलच्या सुमारास जमावाने हल्ला केला. ते आणि त्यांचे सहकारी कसेबसे वाचले. १६ एप्रिलच्या रात्री गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक वाचले नाहीत. त्याआधी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले होते. देशभरात घडलेल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. कंपनीने पाचाची मर्यादा घातली. ख्रिस्ती माणसाच्या विवेकाने कोणती मर्यादा घालावी?

६. वाईट परिणाम म्हणजे अपराध नव्हे

तत्त्वज्ञानाच्या वर्गात पहिल्याच वर्षी एक चूक ओळखायला शिकवतात: एका गोष्टीनंतर दुसरी घडली, म्हणून पहिलीमुळेच दुसरी घडली असे मानणे. आपले साधे लोक हेच एका म्हणीत सांगतात, कावळा बसायला आणि फांदी तुटायला. इंजेक्शन दिले आणि माणूस गेला. म्हणून इंजेक्शनने गेला का? कदाचित हो. कदाचित तो वाचणारच नव्हता. कदाचित घरूनच दोन दिवस उशिरा आणला होता. हे नातेवाईकांच्या रडण्यावरून कळत नाही, केस पेपरवरून आणि जाणकारांच्या मतावरून कळते.

म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितले, की डॉक्टरवर निष्काळजीपणाचा फौजदारी खटला चालवण्याआधी त्या शाखेतील निष्पक्ष वैद्यकीय तज्ज्ञाचे, शक्यतो शासकीय सेवेतील डॉक्टरचे मत घ्यावे. हा डॉक्टरांचा लाड नव्हे. साधी चूक, टाळता न येणारी गुंतागुंत आणि बेफिकिरी या तीन गोष्टी बाहेरून सारख्याच दिसतात, म्हणून ही काळजी आहे.

ती न घेतल्यास काय होते ते मार्च २०२२ मध्ये राजस्थानातील लालसोट येथे दिसले. प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाने एक महिला दगावली. हा रक्तस्राव जगभर बाळंतिणींच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. मृतदेह दवाखान्यापुढे ठेवून आंदोलन झाले आणि पोलिसांनी डॉक्टरीणबाईंवर थेट खुनाचा गुन्हा नोंदवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. त्याही दोन मुलांच्या आई होत्या. एका मरणाच्या दुःखातून दुसरे मरण घडले आणि दोन्ही घरांतली मुले आईविना राहिली.

७. मग गप्प बसायचे का?

मुळीच नाही. येथे गैरसमज नको. आठवी आज्ञा जशी खोटी साक्ष द्यायला मना करते, तशी खरी साक्ष द्यायची वेळ आली असता तोंड लपवायलाही मना करते. "संस्थेचे नाव खराब होईल" म्हणून दुर्बलांवरचे अत्याचार झाकून ठेवण्याचे पाप आमच्या ख्रिस्तसभेतही घडले आहे, हे येथे प्रांजळपणे सांगितलेच पाहिजे. म्हणूनच पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली प्रत्येक धर्मप्रांतात अशा तक्रारींसाठी व्यवस्था असलीच पाहिजे असा नियम केला. गुपचूप दडपणे आणि चव्हाट्यावर उधळणे, या दोन्हींत एक गोष्ट समान आहे: सत्य तपासले जात नाही.

वैद्यकीय व्यवसायातही गुन्हेगार असतात. परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या रुग्णालयात २०१२ साली गर्भपात करताना एका महिलेचा मृत्यू झाला. स्त्रीभ्रूणहत्येच्या त्या प्रकरणात २०१९ साली बीडच्या न्यायालयाने त्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. तो खटला साक्षीपुराव्याने उभा राहिला. वेळ लागला, पण जी शिक्षा झाली ती पुराव्यावर झाली.

संत थॉमस अक्वायनस यांनी या बाबतीत फार उपयोगी भेद केला आहे. ते म्हणतात की शंका असेल तेथे माणसाविषयी चांगलेच मत धरावे. वाईट माणसाला चांगला समजून आपण अनेकदा फसलो तरी चालेल, पण चांगल्या माणसाला क्वचितही वाईट समजू नये; कारण पहिल्यात त्याच्यावर अन्याय होत नाही, दुसऱ्यात होतो. मात्र जेथे संभाव्य वाईटावर उपाय करायचा असतो तेथे वाईट शक्यता गृहीत धरून सावध राहणे योग्य. म्हणजे मनाने दोषी ठरवू नका, पण काळजी जरूर घ्या. तपासणीला जाताना मुलीबरोबर घरची बाई असावी, मोठ्या शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला घ्यावा, बिल तपासून पाहावे. यात कोणाचा अपमान नाही.

आणि खरोखर काही वाईट घडले, तर हे करावे:

१. कागद मागा. केस पेपर, तपासण्यांचे अहवाल व बिले मागण्याचा रुग्णाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीला हक्क आहे. लेखी मागणी केल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांनी ती द्यावीत, असा २००२ सालच्या वैद्यकीय आचारसंहितेचा नियम आहे. पोच घ्यायला विसरू नका.

२. घडलेले लगेच लिहून काढा: तारीख, वेळ, कोण हजर होते, कोण काय म्हणाले. स्वतः पाहिलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले वेगवेगळे लिहा.

३. योग्य दारी जा. प्राथमिक आरोग्य केंद्राची तक्रार जिल्हा परिषदेच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे, ग्रामीण रुग्णालयाची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरच्या व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे करता येते. परिषद डॉक्टरची नोंदणी निलंबित करू शकते. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत कसूर झाली असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे.

४. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या असतात. त्या नाकारल्या तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करा.

५. विनयभंग, लैंगिक छळ किंवा मारहाण असेल तर थांबू नका, थेट पोलिसांत जा, ११२ क्रमांक लावा. पीडित मूल असेल तर १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे. मुलांवरील लैंगिक अत्याचार कळूनही न कळवणे हा २०१२ सालच्या पोक्सो कायद्याने गुन्हा आहे.

या प्रत्येक ठिकाणी आपल्याला स्वतःचे नाव लिहावे लागते, सही करावी लागते, प्रश्नांना उत्तरे द्यावी लागतात. त्याला धैर्य लागते. संदेश पुढे ढकलायला धैर्य लागत नाही, म्हणूनच आपण तो मार्ग निवडतो. ज्याच्या खाली आपण सही करायला तयार नाही, त्याच्यावर बोटही ठेवू नये. आणि ज्याच्या खाली सही करायला तयार आहोत, ते जेथे तपासले जाईल तेथे न्यावे. अशा वेळी अर्ज लिहायला, सोबत यायला माणूस हवा असेल तर निःसंकोच धर्मगुरूंच्या घरी या. तेही आमच्या सेवेचेच काम आहे.

८. उडालेली पिसे

संत फिलिप नेरी यांची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. लोकांची निंदा करणाऱ्या एका बाईला त्यांनी कोंबडीची पिसे उपटत रस्त्याने चालायला सांगितले, आणि नंतर सर्व पिसे गोळा करून आणायला. आपल्या घाटातल्या वाऱ्यात ती पिसे कुठवर जातील याची कल्पना आपण करू शकतो. आणि आजचे पीस तर असे आहे, की पडेल तेथे त्याची शंभर होतात.

तरीही ख्रिस्तसभा भरपाई करायला सांगतेच. चोरलेले पैसे परत केल्याशिवाय जसा पश्चात्ताप पुरा होत नाही, तसा हिरावलेला नावलौकिकही परत द्यावा लागतो, असे कॅटेकिझमचे २४८७ वे कलम सांगते. पापनिवेदनाने क्षमा मिळते, पण भरपाईचे कर्तव्य उरते. ज्या गटात चुकीचा संदेश पाठवला, त्याच गटात "हे खरे नव्हते, माझ्याकडून चुकून गेले, कृपया कोणी पुढे पाठवू नये" असे लिहिणे, ही आपल्या काळातली भरपाई आहे. जड जाते, पण एवढे केलेच पाहिजे.

सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा मान राखावा असे सांगितले आहे, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केले. संत लूक स्वतः वैद्य होते, अशी आपली परंपरा आहे. आपल्या कितीतरी घरांतून मुली परिचारिका म्हणून रात्रपाळीला जातात. उद्या एखाद्या संदेशात फोटो त्यांच्यापैकी कोणाचा असेल, तर लोकांनी काय करावे असे आपल्याला वाटेल? तेच आपण दुसऱ्याच्या मुलीसाठी करू या.

कुटुंबात व समूहसभेत विचार करण्यासाठी

१. गेल्या महिन्यात मी पुढे पाठवलेल्या संदेशांपैकी किती मी स्वतः साक्षीदार म्हणून शपथेवर सांगू शकेन?

२. एखाद्याचा खरा दोष सांगणे केव्हा कर्तव्य ठरते आणि केव्हा परनिंदा? आपल्या अनुभवातून एकेक उदाहरण, नाव न घेता, सांगा.

३. आपल्या परिसरात कोणा रुग्णावर अन्याय झाला तर त्याच्या सोबत तक्रारीसाठी कोण जाईल? समूहातील दोन जणांची नावे आजच ठरवा.

प्रार्थना

हे प्रभू येशू, खोट्या साक्षीने तुला दोषी ठरवले गेले. आमच्या जिभेवर आणि आमच्या बोटांवर पहारा ठेव. आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांना शुद्ध हात आणि दयाळू मन दे. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना न्याय मिळो, ज्यांच्यावर खोटा आळ आला त्यांचे नाव उजळो. आणि सत्यासाठी सही करण्याचे धैर्य आम्हांला दे. आमेन.